नळ्यांमधल्या लेकराला हात लावू का?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात तान्ह्या बाळाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांबद्दल आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या लेकीच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतःच छिद्र होतं. ती अंगावर पीत होती त्याच वयात मुंबईच्या एका रुग्णालयात ते बुजवलं. आता ती चौथीत आहे. औषध कोणतं, किती, कधी थांबवायचं हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. मी सांगते ते आईबापाच्या बाजूचं.

*

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. दूध पिताना कपाळावर घाम यायचा, दोन घोट घेतले की दमून थांबायचा, वजन काही वाढत नव्हतं. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि जिल्ह्याला पाठवलं, तिथून मुंबईला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात चांगलं झालं. पण आयसीयूत गेलो तर आमचं लेकरू आम्हालाच ओळखू येईना. तोंड सुजलेलं, पापण्या सुजलेल्या, नाकात नळी, मानेत नळी, छातीखालून नळ्या. रडल्यासारखं तोंड करतं पण आवाज येत नाही. त्याला किती दुखत असेल? बायको आत जाते पण हात लावायला भिते. माझं तर आत जायचं धाडसच होत नाही. मशीन वाजलं की जीव अर्धा होतो. आम्ही नुसतं बाहेर बसून राहायचं का?
– एक वडील, लातूर जिल्हा

उत्तर : दादा, पत्र हाती पडलं त्याच दिवशी आपण फोनवर बोललो. बाळ आता वॉर्डात आलं आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं. तरी इथे सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखे आईबाप प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या जिन्यावर बसलेले असतात.

आधी त्या आवाजाचं. श्वासाची नळी स्वरयंत्राच्या दोन पट्ट्यांमधून खाली जाते, म्हणून ती असेपर्यंत आवाज फुटतच नाही. तोंड वाकडं होतं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि खोलीत फक्त यंत्रांचे आवाज. आयसीयूतलं बाकी सगळं मी सोसलं, हे मला सोसवत नव्हतं. नळी काढल्यावरही एकदोन दिवस रडणं घोगरं येतं, ते हळूहळू मोकळं होतं. आवाज बसलेलाच राहिला आणि दूध पिताना ठसका लागू लागला, तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. कधीकधी स्वरयंत्राच्या नसेला धक्का पोचलेला असतो, आणि मग दूध कसं पाजायचं हे त्याप्रमाणे ठरवावं लागतं.

सूज का येते तेही समजून घ्या, म्हणजे भीती थोडी कमी होईल. छिद्र बुजवताना हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त शरीराबाहेरच्या यंत्रातून फिरतं. असं यंत्र वापरून माणसाच्या हृदयाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९५३ साली अमेरिकेत जॉन गिबन यांनी केली. त्या यंत्रामुळे आपली लेकरं वाचतात. पण यंत्राच्या प्लॅस्टिकमधून फिरून आलेल्या रक्तामुळे अंगात दाह सुरू होतो आणि बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं. पापण्या, ओठ, हातापायांचे पंजे सुजतात ते त्याने. लघवी वाढवणारं औषध देतात आणि काही दिवसांत चेहरा परत पहिल्यासारखा दिसू लागतो. तोवर सिस्टर रोज लघवी मोजतात. तुम्हीही रोज तेवढंच विचारा : आज लघवी किती झाली? त्या दिवसांत बाळ कुठल्या दिशेने चाललंय ते या एका आकड्यावरून बरंच कळतं.

आता दुखण्याचं. हो, दुखतं. कोणी म्हणालं की एवढ्याशा जिवाला काय कळतंय, तर ऐकू नका. जगातले मोठमोठे डॉक्टरही एकेकाळी असंच मानत. ऐंशीच्या दशकापर्यंत कितीतरी नवजात बाळांवर वेदनाशामक जवळजवळ न देता, फक्त अंग लुळं करणारं औषध देऊन शस्त्रक्रिया होत असत. ते बदललं त्यात आपल्याकडच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. कन्वलजीत सिंग आनंद हे इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून पुढे ऑक्सफर्डला गेले. अपुऱ्या दिवसांची बाळं शस्त्रक्रियेनंतर इतकी का ढासळतात, या प्रश्नाच्या मागे ते लागले. हृदयाजवळची उघडी राहिलेली वाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया ज्यांच्यावर व्हायची होती अशा बाळांमध्ये त्यांनी तुलना केली. काहींना नेहमीची भूल दिली, काहींना तिच्याबरोबर फेंटानिल हे तीव्र वेदनाशामकही दिलं. ज्यांना वेदनाशामक मिळालं त्यांच्या शरीरावरचा ताण कितीतरी कमी होता आणि नंतरचे त्रासही कमी झाले. १९८७ साली हे प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर जगभरची पद्धत बदलत गेली. मला हे माहीत झालं तेव्हा माझी लेक दुसरीत होती. तरी त्या संशोधनाबद्दल वाचताना मी रडले.

आज तुमच्या बाळाला वेदनाशामक आणि गुंगीचं औषध सुईच्या पंपातून मोजून दिलं जातं. बाळ सांगू शकत नाही, म्हणून सिस्टर त्याच्याकडे बघून गुण देतात. एक पद्धत अशी की चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होणं, या पाचांना प्रत्येकी शून्य ते दोन. बेरीज दहाकडे जाऊ लागली की औषध वाढवायचं. यातली शेवटची गोष्ट परक्या माणसाला नीट कळत नाही, आईबापाला कळते. आपलं बाळ भुकेने कसं रडतं, झोप आली की कसं किरकिरतं आणि हे रडणं त्यांतलं कुठलंच नाही, हे तुम्ही सांगायचं आहे. ‘सिस्टर, हे त्याचं नेहमीचं रडणं नाही,’ असं म्हणायला लाजू नका. चांगली सिस्टर त्याचा राग मानत नाही, ती येऊन बघते.

औषध कमी करत नेताना काही बाळं एकदम चिडचिडी होतात, घाम येतो, सारख्या जांभया आणि शिंका येतात, झोप मोडते. बरेच दिवस गुंगीत असलेल्या बाळाचं शरीर त्या औषधाला सरावलेलं असतं. म्हणून ते पायरीपायरीने उतरवतात. आम्हाला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि लेकीला काहीतरी भलतंच झालं म्हणून घरचे सगळे हादरले होते. तुम्ही आधीच विचारून ठेवा.

हात लावायचा का? लावायचा, पण विचारून. शस्त्रक्रियेनंतर लगेचच्या तासांत, विशेषतः फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढलेला असेल तर, जरा डिवचलं तरी काही बाळांचा ऑक्सिजन खाली येतो. अशा वेळी सिस्टर ‘आत्ता नको’ म्हणतील. ते ऐका, आणि ‘मग कधी?’ हेही विचारा. वेळ आली की बांगड्या आणि अंगठी काढून कोपरापर्यंत हात धुवा. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घाला, ते नळ्यांत अडकतं. मग एक तळवा डोक्यावर ठेवा, दुसरा पावलांवर. कुरवाळू नका, थोपटू नका, नुसता ठेवा. सुजलेल्या, दुखऱ्या अंगावर बोटं फिरलेली बाळाला नको असतात, स्थिर हाताची ऊब हवी असते. आपला चेहरा त्याच्या नजरेच्या टप्प्यात, वीतभर अंतरावर आणा आणि बोला. मी माझ्या लेकीला पहिलीच्या पुस्तकातल्या कविता म्हणून दाखवायचे, कारण त्या मला न आठवता आठवतात आणि रडू आलं तरी ओळ तुटत नाही. तुम्ही उदगीरच्या बाजारात टोमॅटो काय भावाने गेले ते सांगितलंत तरी चालेल. त्याला तुमचा आवाज हवा आहे.

मशीनबद्दल. सिस्टरना वेळ असेल तेव्हा, म्हणजे त्यांची ड्युटी बदलत असताना नव्हे, एकदा विचारून घ्या : यातला ठोक्यांचा आकडा कोणता, ऑक्सिजनचा कोणता, रक्तदाबाचा कोणता, आणि आमच्या बाळाचा प्रत्येक आकडा किती ते किती असायला हवा? वहीत लिहा. पायाला लावलेला लाल दिव्याचा चिमटा बाळाने पाय झाडला तरी सरकतो आणि घंटा वाजते. बहुतेक घंटा अशाच असतात. तुम्ही बघा, सिस्टर आधी बाळाचा रंग आणि श्वास बघतात, मग यंत्राकडे वळतात. तुम्हीही तसंच करा. छातीखालून बाहेर आलेल्या अगदी बारीक तारा दिसल्या असतील, त्या हृदयाचे ठोके अडखळले तर बाहेरून चालना देण्यासाठी असतात. घरी सोडण्याआधी त्या हलकेच ओढून काढतात. छातीतल्या जाड नळ्या आत साचणारं रक्त आणि पाणी बाहेर आणतात. ते रोज कमी होत गेलं पाहिजे.

आणि एक सांगते, ते मनाशी धरून ठेवा. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. श्वासाची नळी काढली आणि रात्री परत घालावी लागली, असं होतं. ताप येतो. कफ साचतो आणि छातीला हलके धक्के देऊन तो सोडवावा लागतो. काल डोळे उघडून बघितलं आणि आज दिवसभर झोपूनच आहे, असं होतं. डॉक्टरांना ‘बरं आहे ना?’ असं विचारू नका, त्यावर ‘हो, ठीक आहे’ एवढंच मिळतं. विचारा : कालच्यापेक्षा आज काय कमी केलं? एक औषध कमी केलं, यंत्राचा जोर कमी केला, एक नळी काढली, असं काहीतरी उत्तर आलं की चाललंय ते चांगलं चाललंय.

तुमच्या पत्नीसाठी सगळ्यात मोठं काम दुधाचं आहे. बाळ पीत नसलं तरी दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहायला सांगा. हाताने किंवा पंपाने, आणि त्याआधी हात स्वच्छ धुऊन. डब्यावर नाव, तारीख, वेळ. किती वेळ बाहेर ठेवायचं आणि किती वेळ फ्रिजमध्ये, याचा नियम वॉर्डातून विचारून तोच पाळायचा. सुरुवातीला नाकातल्या नळीतून अगदी थोडे मिलिलिटर देतात, पोटाने मानलं की वाढवतात. तुम्ही घाबरून वाट बघत असता तेव्हा तेवढंसं दूध बघून वाईट वाटतं, पण त्या थेंबांना फार किंमत आहे. आईच्या दुधाची किंमत मुंबईने फार आधी ओळखली : आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तुमच्या रुग्णालयात अशी पेढी किंवा दूध काढायची खोली आहे का, हे विचारा. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, ओढणी पांघरून, लोकांच्या जाण्यायेण्यात दूध काढलं आहे. तशी वेळ कुठल्याच आईवर येऊ नये.

एखाद्या बाळाच्या छातीतल्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी येऊ लागतं. मग काही आठवडे आईचं दूध थांबवून वेगळ्या प्रकारची चरबी असलेलं खास दूध देतात. आईच्या दुधात काही दोष निघाला असं त्यात नसतं. दुधातली चरबी पोटाकडून रक्तात नेणाऱ्या बारीक नळीला, म्हणजे लसवाहिनीला, इजा झालेली असते आणि ती भरून येईपर्यंत तिच्यावरचा भार कमी करायचा असतो. दूध काढत मात्र राहायचं, नाहीतर नंतर अंगावर दूध उरत नाही.

राहता राहिले तुम्ही. आपल्याकडे बापाला रक्तपेढी, मेडिकल, फाईल, झेरॉक्स यांच्या मागे पळवतात, आणि आत ‘आई कुठंय?’ म्हणून हाक मारतात. कागदांचं काम एखाद्या भावाला, मेहुण्याला द्या आणि तुम्ही आत जा. पहिल्यांदा चक्कर येईलसं वाटेल. नळ्यांकडे बघू नका, कान बघा, पायाची बोटं बघा, जिथे काही लावलेलं नाही ती जागा शोधा. तुमचंच बाळ आहे हे तिथे दिसतं. आणि तुम्ही आत असाल तेवढा वेळ तुमच्या पत्नीला आडवं पडता येईल. आमच्या त्या दिवसांत माझे यजमान पहाटेच्या वेळी आत जात, आणि सिस्टर लेकीबद्दल त्यांनाच जास्त सांगत, कारण ते वहीत उतरवून घेत.

*

प्रश्न : बाळाला हृदयाचं छिद्र आहे म्हटल्यापासून घरात एकच चाललंय. मी सातव्या महिन्यात असताना ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, असं सासूबाई येईल त्याला सांगतात. यजमान गप्प असतात. ऑपरेशन होऊन बाळ बरं होतंय, पण मला आतून वाटतं, माझ्यामुळेच तर नाही ना?
– एक आई, नाशिक जिल्हा

उत्तर : नाही, बाई. तुझ्यामुळे नाही.

हे फक्त धीर द्यायला म्हणत नाही. बाळाचं हृदय गर्भारपणाच्या पहिल्या दोन महिन्यांत घडतं. खालच्या कप्प्यांमधला पडदा आठव्या आठवड्याच्या सुमारास पुरा होतो. कितीतरी बायकांना तोवर दिवस गेल्याची जेमतेम खात्री झालेली असते. सातव्या महिन्यातल्या विळीने तेव्हाच घडून गेलेल्या पडद्याला भोक कसं पडेल? सासूबाईंना एवढा एक हिशोब सांग, शांतपणे.

जगभर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळं हृदयाचा काही ना काही दोष घेऊन जन्मतात. त्यांत सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच. जिथे ग्रहण कुणी पाळत नाही अशा देशांतही प्रमाण तेवढंच आहे. काही वेळा गुणसूत्रांतला फरक, आईचा आधीपासूनचा मधुमेह, सुरुवातीच्या महिन्यांत झालेला रुबेला, काही विशिष्ट औषधं, अशी कारणं सापडतात. बहुतेक वेळा एक असं कारण सापडतच नाही. पुढच्या गर्भारपणात अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घे, एवढं लक्षात ठेव.

तुझ्या यजमानांना माझा निरोप दे : गप्प बसणं म्हणजे आईच्या बोलण्याला होकार देणं असंच बायकोला वाटतं. पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर ने आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचार, ‘हे ग्रहणाने होतं का?’ डॉक्टरांनी सांगितलेलं बरीच वडीलधारी माणसं ऐकतात. आणि नाही ऐकलं तरी, ज्या बाळासाठी तू रात्री जागतेस त्याच्यापुढे खाली मान घालून बसू नकोस.

*

प्रश्न : भाचीच्या बाळाचं ऑपरेशन सांगितलंय, खर्च ऐकून घरात चूल पेटली नाही. काय करावं?
– एक मावशी, परभणी

उत्तर : तीन दारं ठोठावा, आणि एकाच वेळी. पहिलं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३पासून देशभर चालू आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, त्यात जन्मजात दोषांच्या शस्त्रक्रियांचीही सोय होते. अंगणवाडी सेविका किंवा जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून सुरुवात करा. दुसरं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळच आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांच्याकडे जा. मंजुरी शस्त्रक्रियेआधी घ्यायची असते, पैसे भरून झाल्यावर नाही. तिसरं, धर्मादाय रुग्णालय. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. काउंटरवर हे आपणहून सांगितलं जाईलच असं नाही. समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते विचारा आणि थेट त्यांनाच भेटा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा.

*

प्रश्न : नातीचं हृदयाचं ऑपरेशन झालं, आता घरी सोडणार आहेत. तीन महिन्यांची आहे. माझ्या हातून सात नातवंडं न्हाऊन निघालीत. पण सून म्हणते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. मालिश, धुरी, घुटी काहीच नको का? बाळ कसं धरेल अंग? आणि बारसंही राहिलंय.
– एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, नमस्कार करते. सात नातवंडांना न्हाऊ घातलेले हात घरात आहेत हे त्या पोरीचं भाग्यच. पण हे आठवं बाळ वेगळं आहे, आणि तुमचे हात थोडे वेगळे चालवायला लागतील.

तिच्या छातीचं मधलं हाड कापून तारेने परत जोडलं आहे. ते सांधायला साधारण सहा आठवडे लागतात. म्हणून तोवर तिला काखेत हात घालून उचलायचं नाही आणि हात धरून ओढायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, अशी सगळी एकदम उचलायची. हे सगळ्या घराला शिकवा, विशेषतः बाळाला झेलायची हौस असलेल्या काकाला. आणि तुम्ही पाय पसरून बाळाला पायांवर पालथं घालता ना न्हाऊ घालताना, ते या सहा आठवड्यांत अजिबात नको. डॉक्टर परवानगी देतील तेव्हाच पालथं घालायचं.

मालिशचंही तेच. जखम पूर्ण कोरडी होऊन खपली पडेपर्यंत छातीला तेल लावायचं नाही. ज्या जागी नळ्या होत्या त्या छोट्या भोकांनाही नाही. हळद नाही, कुठला लेप नाही. डॉक्टर हो म्हणाले तर तळपाय, पोटऱ्या, तळहात यांना हलक्या हाताने लावा, तिला बरंच वाटेल. इतके दिवस तिच्या तळपायाला सुया आणि चिकटपट्ट्याच लागल्या आहेत.

धुरी नको. ओव्याची नको, उदाची नको, मच्छर अगरबत्तीही त्या खोलीत नको. तिच्या फुप्फुसांनी आत्ताच खूप सोसलंय. दृष्ट काढायची तर जरूर काढा, पण मिरच्या अंगणाच्या पलीकडे जाळा. घुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण तिला लघवीचं आणि कदाचित हृदयाचं औषध चालू असेल, त्यात दुसरं काही मिसळायला नको. मध तर वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला नको, त्यातून एक घातक विष पोटात तयार होऊ शकतं. बोंडल्याने दूध पाजायची सवय असेल तर आडवं धरून, नाक दाबून, घशात ओतणं नको. तिला उठतं धरा, दमली की थांबा, श्वास घेऊ द्या. अंगावर ओढत नसेल तर वाटी-चमच्याने, थोडं थोडं. पूर्वी दूध पिताना घाम यायचा ना? तो आता थांबलेला दिसेल, आणि महिन्यादोनमहिन्यांत वजनाचा काटाही हलू लागेल. बाळ अंग धरतं ते त्याने.

रात्री दचकून उठेल, कुणी अनोळखी जवळ आलं तर रडेल, सारखी कडेवर मागेल. मागू दे. लाडाने बिघडत नाहीत ही बाळं. आमची लेक कितीतरी दिवस पांढरे कपडे बघितले की किंचाळायची, पुढे आपोआप थांबलं.

लशींचं सुनेने बघावं, पण तुम्हीही लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेत रक्त, प्लाझ्मा दिला असेल तर नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारायचं. डिस्चार्जचा कागद लसीकरणाच्या कार्डालाच टाचून ठेवा. दात यायला लागले की रोज ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा. दात किडले तर त्यातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचू शकतात, आणि नवीन टाका-ठिगळ असलेल्या हृदयाला ते परवडत नाही.

ही लक्षणं दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही : ताप, जखम लाल होणं, पाणी किंवा पू येणं, छातीच्या हाडातून कटकट आवाज येणं, श्वास भरभर चालणं आणि बरगड्या आत ओढल्या जाणं, दूध सोडणं, उलट्या, लघवी कमी होणं, अंगावर पुन्हा सूज, बाळ मलूल पडणं. ओठ काळेनिळे दिसले तर १०८ला फोन, आणि गाडीत बसताना डिस्चार्जचे कागद हातात. पहिल्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. चिपळूणहून मुंबई लांब आहे, बाळ खेळतंय तर कशाला जायचं, असं घरात कुणी म्हणेल. जायचंच. ठिगळाच्या कडेने गळती आहे का आणि हृदयाभोवती पाणी साचलंय का, हे बाहेरून दिसत नाही, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केल्यावरच कळतं.

बारसं करा की. फक्त गर्दीचं नको. पाच बायका पाळण्याभोवती, गोविंद घ्या गोपाळ घ्या, सर्दी-खोकला असलेल्यांनी दारातूनच आशीर्वाद द्यायचा, आणि बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर फिरवायचं नाही. मोठं जेवण वाढदिवसाला घाला.

पण नाव लवकर ठेवा, आणि ठेवलं की तेवढ्यावर थांबू नका. रुग्णालयाच्या कागदांवर ती अजून ‘अमुकची बेबी’ अशी आहे, म्हणजे सुनेचं नाव आणि पुढे बेबी. जन्मदाखल्यावर नावाची जागा रिकामी असेल. जन्मनोंदणीनंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येतं, ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन भरून घ्या. नवीन दाखला घेऊन पुढच्या तपासणीला जाल तेव्हा रुग्णालयाच्या नोंदीतही तेच नाव, त्याच अक्षरांनी, करून घ्या. इकडे दीर्घ वेलांटी आणि तिकडे ऱ्हस्व, एवढ्यावरून योजनेची फाईल अडते, आणि तुमच्या नातीला हे कागद पुढे बरीच वर्षं लागणार आहेत.